चौथ्या थरातली गाठ : जठरातील लहान ट्यूमर दुर्बिणीतून काढण्याचे एक प्रकरण

52 वर्षांच्या एका महिलेच्या जठरात सापडलेल्या, दोन सेंटिमीटरपेक्षा थोड्या लहान गाठीचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पोटावर कुठेही छेद न घेता, तोंडावाटे घातलेल्या एंडोस्कोपमधून ही गाठ भिंतीसकट कापून काढली आणि झालेले छिद्र आतूनच बंद केले. मात्र माझ्या मते या प्रकरणातला खरा कस गाठ काढण्यापूर्वी लागला. ही गाठ काढावी की नुसती नजरेखाली ठेवावी, याचे उत्तर केवळ आकारावरून मिळत नव्हते, म्हणून त्या निर्णयापर्यंत आम्ही कसे पोहोचलो ते आधी सांगतो.

गाठ सापडली ती योगायोगाने. छातीत जळजळ होते म्हणून केलेल्या एंडोस्कोपीत जठराच्या वरच्या घुमटाकार भागात, समोरच्या भिंतीवर, एक गुळगुळीत उंचवटा दिसला. त्यावरची श्लेष्मल त्वचा, म्हणजे जठराचे आतले अस्तर, आजूबाजूच्या त्वचेसारखीच होती. व्रण नव्हता, रंगात फरक नव्हता, रक्तस्रावाची खूण नव्हती. मिटलेल्या बायोप्सी चिमट्याने उंचवट्यावर हलकेच दाबले असता तो दबला नाही, आणि चिमटा बाजूला सरकवला तेव्हा वरची त्वचा गाठीवरून सहज घसरली. या दोन साध्या हालचाली बरेच काही सांगून जातात. चरबीची गाठ असती तर चिमट्याच्या टोकाने तिच्यात खळगा पडला असता. श्लेष्मल त्वचेतूनच उगवलेला ट्यूमर असता तर त्वचा त्याच्यापासून सुटी हलली नसती. म्हणजे गाठ घट्ट होती आणि तिचे मूळ त्वचेखाली कुठेतरी होते. जळजळीचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता, आणि हे रुग्णाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगणे आवश्यक होते. नाहीतर गाठ काढल्यावर जळजळ जाईल अशी चुकीची अपेक्षा मनात राहते.

त्या वेळी नेहमीच्या चिमट्याने तुकडा घेतला नाही, आणि ते योग्यच झाले. असा चिमटा फक्त वरची त्वचा उचलतो, त्यामुळे अहवाल बहुधा ‘सर्वसाधारण’ येतो आणि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही खोटा दिलासा मिळतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा चावे घेत खोल जाण्याचा प्रयत्न केला तर तिथे व्रण भरून चिवट ऊती तयार होते, आणि पुढे गाठ काढायची वेळ आली तर नेमका तोच भाग थरांतून वेगळा करणे जिकिरीचे होते.

पुढची पायरी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची होती. या तपासणीत जठराची भिंत पाच पट्ट्यांच्या रूपात दिसते: आतल्या बाजूने एक पांढरट आणि एक काळसर पट्टा मिळून श्लेष्मल त्वचा, तिसरा पांढरट पट्टा म्हणजे तिच्याखालचा सैल थर, चौथा काळसर पट्टा म्हणजे जाड स्नायूथर, आणि पाचवा, पांढरट, म्हणजे बाहेरचे पातळ आवरण. गाठ कोणत्या पट्ट्यातून निघते आहे हे एकदा नक्की झाले की शक्यतांची यादी झपाट्याने आखडते. तिसऱ्या पट्ट्यातली पांढरीशुभ्र गाठ बहुधा चरबीची असते, तिला हात लावायचे कारण नसते. आमच्या रुग्णाची गाठ काळसर होती आणि चौथ्या पट्ट्याशी सलग जोडलेली होती. अशा वेळी तीन नावे पुढे येतात: स्नायूपेशींची सौम्य गाठ म्हणजे लिओमायोमा, मज्जातंतूच्या वेष्टनातून उगवणारा श्वानोमा, आणि गिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर.

यांपैकी गिस्टच चिंतेचा विषय असतो. जठर आणि आतड्यांच्या लयबद्ध हालचाली सुरू करणाऱ्या काहाल पेशींशी या ट्यूमरचे नाते आहे. एके काळी या गाठी स्नायूंच्याच समजल्या जात. 1998 मध्ये जपानमधील सेइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातील किट या जनुकातला बदल दाखवून दिला आणि निदानाची सगळी चौकटच बदलली. गिस्ट लहान असला तरी त्याला पूर्णपणे निरुपद्रवी म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, 50 वर्षांवरील व्यक्तींच्या शवविच्छेदनांत काळजीपूर्वक शोध घेतला तेव्हा पाचांतल्या एकाहून अधिक जणांच्या जठरात अगदी सूक्ष्म गिस्ट सापडले आहेत, आणि त्या व्यक्तींना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता. याचा अर्थ बहुतेक लहान गिस्ट तसेच पडून राहतात. दिसली गाठ की काढा, हे धोरण मला म्हणूनच मान्य नाही.

पहिल्या तपासणीत गाठ 11 मिलिमीटरची होती, कडा सरळ, आतला पोत एकसारखा. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शनानुसार, निश्चित निदान न झालेल्या आणि त्रास न देणाऱ्या अशा गाठीची तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि ती 10 ते 20 मिलिमीटरची असेल तर पुढे एक ते दोन वर्षांच्या अंतराने पाहत राहावे, असे सुचवले आहे. त्याप्रमाणे पाच महिन्यांनी पाहिले तेव्हा ती 12 मिलिमीटर भरली. हा फरक मोजमापाच्या चुकीइतकाच होता. पहिल्या तपासणीनंतर 14 महिन्यांनी मात्र ती 18 मिलिमीटर भरली, एका कडेला किंचित खवल्यासारखा अनियमितपणा आला होता आणि आत एक बारीक पांढरा ठिपका दिसत होता.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. अल्ट्रासाउंडच्या प्रतिमेत गाठ कोणत्या कोनातून पकडली यावर माप काही मिलिमीटरने इकडेतिकडे होते, आणि तपासणारी व्यक्ती बदलली तर आणखी. म्हणून नुसते अहवालातले आकडे शेजारी ठेवून ‘वाढली’ असे म्हणणे धोक्याचे असते. आम्ही तिन्ही वेळच्या साठवलेल्या प्रतिमा काढून, गाठीचा चौथ्या पट्ट्याशी असलेला जोड ज्या चित्रांत दिसतो तीच चित्रे निवडून, त्यांवर पुन्हा माप घेतले. वाढ खरी होती. आकार अजून दोन सेंटिमीटरच्या आत होता, परंतु वाढ, अनियमित कड आणि आतला ठिपका या तीन गोष्टी एकत्र आल्यावर नुसते पाहत राहण्याचा आधार सुटला.

सी.टी. स्कॅनमध्ये यकृतात किंवा आसपास कुठे काही संशयास्पद नव्हते आणि गाठीचा बहुतेक भाग जठराच्या पोकळीच्या दिशेने फुगलेला होता. हा मुद्दा पुढच्या निवडीत निर्णायक ठरला. गाठ बाहेरच्या बाजूला वाढलेली असती तर एंडोस्कोपमधून तिच्या पलीकडच्या कडेवर नजर ठेवता आली नसती.

काढण्यापूर्वी सुईने तुकडा घ्यावा का, यावर आमच्यात बराच खल झाला. अल्ट्रासाउंडच्या मार्गदर्शनाखाली जाड सुईने नमुना घेणे शक्य होते, पण एवढ्या लहान, हलत्या आणि अडचणीच्या जागी असलेल्या गाठीतून पुरेसा नमुना मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी तो गिस्ट आहे की लिओमायोमा इतकेच कळते. विभाजन पावणाऱ्या पेशी किती आहेत, म्हणजेच गाठीचा स्वभाव कसा आहे, हे विश्वासाने सांगण्यासाठी संपूर्ण गाठ हाती लागावी लागते. लिओमायोमा निघाला असता तर शस्त्रक्रिया टळली असती, हा सुईच्या बाजूचा सबळ मुद्दा होता आणि तो रुग्णापुढे ठेवला. त्यांचा प्रश्न एकच होता: “डॉक्टर, सुईतून काही ठोस कळलं नाही, तर मग काय?” मग आपण पुन्हा आज आहोत तिथेच असू, असे उत्तर द्यावे लागले. त्यांनी गाठ पूर्ण काढण्याचा पर्याय निवडला.

वाटा दोन होत्या. लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटावरच्या लहान छेदांतून दुर्बीण घालून, जठराचा पाचरीच्या आकाराचा भाग स्टेपलरने कापून काढणे ही जुनी, भरवशाची आणि बहुतेक शल्यचिकित्सकांच्या हातात बसलेली पद्धत. तिची अडचण अशी की बाहेरून पाहणाऱ्याला पोकळीच्या दिशेने वाढलेली छोटी गाठ नीट दिसत नाही, त्यामुळे स्टेपलर लावताना गरजेपेक्षा अधिक निरोगी भिंत कापली जाते. अन्ननलिकेच्या जोडाजवळ तर त्यामुळे जोडच अरुंद होऊ शकतो. हा दोष कमी करण्यासाठी नाओकी हिकी यांच्या गटाने 2008 मध्ये लॅप्रोस्कोपी आणि एंडोस्कोपी एकाच वेळी वापरण्याची संयुक्त पद्धत मांडली. त्यानंतर शांघायच्या झोंगशान रुग्णालयातील झोउ पिंगहोंग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये लॅप्रोस्कोपीची मदत न घेता, केवळ एंडोस्कोपमधून स्नायूथरातील गाठ भिंतीच्या पूर्ण जाडीसकट काढून छिद्र आतून बंद केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आमच्या रुग्णाच्या गाठीचे स्थान, आकार आणि आतल्या बाजूची वाढ पाहता ही वाट योग्य वाटली. मात्र शल्यचिकित्सकांशी आधीच बोलून, आतून छिद्र बंद झाले नाही किंवा गाठ फुटण्याची लक्षणे दिसली तर त्याच भुलेखाली लॅप्रोस्कोपी करायची असे ठरवले आणि संमतिपत्रात तसे स्पष्ट लिहिले. माझ्या दृष्टीने ही तयारी नसेल त्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया सुरूच करू नये.

गाठ फुटणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. गिस्टला सभोवताली पातळ पण सलग आवरण असते. ते शाबूत ठेवून गाठ बाहेर आली तर धोका नगण्य; ते फाटून पेशी उदरपोकळीत सांडल्या तर लहान आणि शांत गाठीचाही हिशेब बदलतो, कारण पुढे पोटात ठिकठिकाणी नवी रोपे उगवू शकतात. त्यामुळे आमचा सगळा प्रयत्न गाठीच्या आवरणाला सुरी, चिमटा किंवा फास यांपैकी काहीही थेट लागू न देण्याचा होता.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून केली. जठर फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो. पूर्ण जाडीचा छेद घेताना साधी हवा वापरणे मी असुरक्षित मानतो. डाव्या कुशीवर झोपवले की जठरातला द्रव नेमका वरच्या घुमटात साचतो. तो द्रव छिद्रातून उदरपोकळीत जाऊ नये म्हणून जठर धुऊन पूर्ण शोषून घेतले, रुग्णाला उताणे केले आणि टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली, म्हणजे उरलासुरला द्रव खालच्या टोकाकडे जाईल.

एंडोस्कोपच्या टोकावर पारदर्शक टोपी बसवून, स्कोप जठरात मागे वळवून गाठीसमोर आणला. गाठीभोवती विद्युत सुरीने ठिपक्यांची खूण केली आणि इंडिगो कार्माइन मिसळलेले सलाईन त्वचेखाली टोचले. निळा रंग सैल थरात पसरला की कुठपर्यंत कापायचे ते स्वच्छ दिसते. ठिपक्यांच्या आत, गाठीच्या कडेने त्वचेला अर्धवर्तुळाकार छेद घेतला आणि निळसर सैल थरातून बारीक बारीक धागे कापत गाठीपर्यंत पोहोचलो. निळ्या पार्श्वभूमीवर मोत्यासारखी पांढरी, चकचकीत गाठ दिसू लागली. वाटेत दोन रक्तवाहिन्या आडव्या आल्या. त्या कापण्याआधीच चिमट्यात धरून गोठवल्या, कारण एकदा रक्त पसरले की पांढरे आवरण आणि लालसर स्नायू यांतला फरक दिसेनासा होतो आणि नेमक्या त्याच वेळी आवरण फाटते.

यानंतर गाठीवरच्या त्वचेच्या कडेला क्लिप लावून, तिला बांधलेला दोरा तोंडावाटे बाहेर घेतला. दोऱ्याला हलका ताण दिला की गाठ पोकळीत ओढली जाते आणि तिच्या बुडाखालची जागा उघडते. दोऱ्याचा दुसरा उपयोग त्याहून मोलाचा: शेवटचा धागा तुटताना गाठ छिद्रातून उदरपोकळीत घसरत नाही.

तीन बाजूंनी गाठ स्नायूंपासून मोकळी झाली, पण बुडाशी स्नायूंचे धागे थेट आवरणात शिरलेले होते. येथे दोन पर्याय असतात. धागे गाठीच्या अगदी लगत कापले तर भिंत वाचते, पण आवरणाला इजा होण्याचा धोका असतो. थोडे बाहेरून कापले तर भिंतीला आरपार छिद्र पडते, पण गाठ अखंड राहते. आम्ही दुसरा पर्याय घेतला. स्नायूची पातळ चकती गाठीला चिकटलेली ठेवून भोवती कापत गेलो, तेव्हा छिद्रातून वपेची, म्हणजे जठराबाहेर लोंबणाऱ्या पडद्याची, पिवळी चरबी दिसू लागली. जठरातला वायू आता उदरपोकळीत जात होता. भूलतज्ज्ञांनी श्वसनमार्गातला दाब वाढत असल्याचे सांगितले आणि पोट हाताला ताठ लागू लागले. हे अपेक्षितच होते. उजव्या बरगडीखाली, निर्जंतुक करून ठेवलेल्या जागी, सलाईन भरलेल्या सिरिंजला जोडलेली सुई आत घातली. सिरिंजमध्ये बुडबुडे उसळले, पोट सैल झाले आणि दाब उतरला. सुई शेवटपर्यंत तिथेच ठेवली.

उरलेला भाग कापून गाठ सुटताच ती जाळीत घेऊन तोंडावाटे बाहेर काढली. अन्ननलिकेतून न चिरडता काढता येईल अशा आकाराची मर्यादा साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर असते. या पद्धतीची कमाल मर्यादा ठरते ती बहुतांशी यावरूनच. छिद्र सुमारे दीड सेंटिमीटरचे होते. त्याच्या कडेभोवती नायलॉनचा फास ठेवून तो क्लिपांनी कडेला जागोजागी पकडला आणि मग फास आवळला, तशा सर्व बाजू बटव्याच्या तोंडासारख्या एकत्र आल्या. जिथे कड किंचित उघडी वाटली तिथे आणखी क्लिपा लावल्या. त्यानंतर जठर पुन्हा फुगवून पाहिले; ते फुगलेले राहिले आणि पोटावरच्या सुईतून नवा वायू आला नाही. एकूण वेळ सुमारे दीड तास.

पहिले दोन दिवस तोंडावाटे काही दिले नाही. नाकातून जठरात नळी, शिरेतून आम्ल कमी करणारे औषध आणि प्रतिजैविके चालू होती. पहिल्या रात्री ताप 37.8 अंशांपर्यंत गेला आणि पोटाच्या वरच्या भागात दुखत होते. दुसऱ्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रात श्वासपटलाखाली वायूची रेघ दिसली. एरवी या रेघेचा अर्थ ‘आतडे फुटले, ताबडतोब शस्त्रक्रिया’ असा असतो, म्हणून रात्रपाळीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवले होते की या रुग्णात ती दिसणारच आहे. पाहायचे ते नाडीचा वेग, वाढता ताप, आणि पोटाला हात लावल्यावर स्नायू ताठरतात का. नाडी स्थिर होती, पोट मऊ होते, ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तिसऱ्या दिवशी पाण्यात विरघळणारे कॉन्ट्रास्ट पाजून चित्र घेतले, गळती नव्हती. पातळ पदार्थ सुरू केले आणि पाचव्या दिवशी रुग्ण घरी गेल्या. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आठ आठवडे दिल्या.

गाठ बाहेर येताच ती ताणून, टाचण्यांनी कॉर्कच्या पाटीवर लावून आणि जठराच्या बाहेरच्या बाजूची कड शाईने रंगवून पॅथॉलॉजीकडे पाठवली होती. अहवालात गाठ 17 गुणिले 14 मिलिमीटरची, चात्यांच्या आकाराच्या पेशींची, आवरण अखंड. गिस्टची खूण असलेली सीडी117 आणि डॉग1 ही दोन्ही प्रथिने सकारात्मक, स्नायूची खूण असलेले डेस्मिन आणि मज्जातंतूची खूण असलेले एस100 नकारात्मक, म्हणजे निदान गिस्ट. पाच चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजन पावणाऱ्या दोनच पेशी. दोन सेंटिमीटरपर्यंतचा आकार आणि पाचांहून अधिक नसलेले विभाजन असा जठरातला गिस्ट मिएटिनेन आणि लासोटा यांच्या, दीर्घ पाठपुराव्यावर आधारलेल्या वर्गीकरणात सर्वांत निर्धोक गटात येतो. त्या गटात आजार पुढे पसरल्याचे आढळले नव्हते.

अहवालातली एक ओळ मात्र अस्वस्थ करणारी होती: बुडाशी एका ठिकाणी गाठीच्या पेशी भाजलेल्या कडेला टेकलेल्या दिसतात. रुग्णाने ही ओळ वाचली आणि “म्हणजे थोडी आत राहिली का?” असे विचारले. प्रश्न रास्त होता. पॅथॉलॉजिस्टसोबत बसून काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या. त्या जागी स्नायूची चकती अतिशय पातळ होती आणि विद्युत सुरीच्या उष्णतेने तिच्या पेशी आक्रसल्या होत्या, त्यामुळे कडेची मोकळी जागा मोजता येत नव्हती; मात्र आवरण तुटलेले नव्हते. गिस्ट हा आतड्याच्या कर्करोगासारखा आजूबाजूला मुळे पसरत जात नाही, आणि कमी धोक्याच्या गाठीत सूक्ष्मदर्शकाखाली कड संशयास्पद असल्याने आयुर्मान घटते असे सिद्ध झालेले नाही. त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया करायची तर एका भरून आलेल्या छिद्रावर दुसरे छिद्र पाडावे लागले असते. शल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्या एकमताने आम्ही पुनर्शस्त्रक्रिया टाळली. इमॅटिनिब या गिस्टवरच्या औषधाचा प्रश्नच नव्हता. शस्त्रक्रियेनंतर हे औषध, आजार पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांना दिले जाते.

तीन महिन्यांनी केलेल्या एंडोस्कोपीत छिद्राच्या जागी चांदणीच्या आकाराचा फिकट व्रणाचा डाग होता, दोन क्लिपा अजून चिकटलेल्या होत्या आणि अल्ट्रासाउंडमध्ये चौथा पट्टा त्या जागी किंचित जाड पण सलग दिसत होता. एवढ्या कमी धोक्याच्या गिस्टनंतर वर्षानुवर्षे स्कॅन करत राहण्याचा फायदा दाखवणारा पुरावा नाही. कडेवरची ती एक ओळ नसती तर मी येथेच थांबलो असतो. ती असल्यामुळे वर्षाने एक अल्ट्रासाउंड आणि पोटाचे एक स्कॅन ठरवले, आणि दोन्हींत काही सापडले नाही तर त्यापुढे तपासण्यांचे अंतर वाढवत न्यायचे, असे रुग्णाशी बोलून त्यांच्या कागदपत्रांत नोंदवले.